गावातल्या संस्थेला फाउंडेशनचा निधी: कागद, बजेट, हिशोब

अर्ज लिहायला बसण्याआधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ ची, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नावे असलेल्या नोंदीची, ताजी नक्कल काढा. त्यावरची माणसे आज हयात आहेत का, आज कारभार पाहतात का आणि बँकेत त्यांचीच सही चालते का, हे तपासा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्था संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. मग संस्थापक अध्यक्षांना जाऊन पाच वर्षे झाली तरी नोंदीत तेच, पासबुकावर सचिव वेगळे आणि अर्जावर सही तिसऱ्याची. निधी देणारा ही नावे शेजारी शेजारी ठेवून बघतो. ती जुळली नाहीत तर कामाचे पान उघडलेही जात नाही. बदल अर्जाचा निकाल लागला नसेल तर तो दाखल केल्याची पोच, निवडीच्या सभेची नोटीस आणि ठराव जोडून परिस्थिती सरळ लिहा. लपवलेली गोष्ट पडताळणीत निघतेच.

दुसरी अडचण स्पेलिंगची. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द असंख्य संस्थांच्या नावात आहे आणि इंग्रजीत तो पॅनवर एक तऱ्हेने, पासबुकात दुसऱ्या तऱ्हेने आणि दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेला असतो. एका अक्षराच्या फरकाने पडताळणी अडते. नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळे त्याच्याशी जुळवून घ्या. पॅन आधी, मग बँक, मग दर्पण, या क्रमाने.

यानंतर आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते. कायम नोंदणीसाठी मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातले जे आधी येईल तेव्हा अर्ज करायचा असतो. ‘अजून वेळ आहे’ म्हणत राहिलेल्या संस्थांची ८०जी ऐन निधीच्या हंगामात संपते. कंपनीचा सीएसआर, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा, पैसा हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंद लागते. हा फॉर्म २०२१ पासून आहे. त्यावर संस्थेच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणन लागते. स्वतंत्र संस्थेकडे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही हवा. तो नसेल तर कंपनीच्या दारात वेळ घालवू नका. आधी लहान ट्रस्ट, रोटरी क्लब आणि गावातून बाहेर गेलेले नोकरदार यांच्याकडून मिळेल तेवढे घ्या आणि चोख हिशोबाची तीन वर्षे उभी करा.

कोणाकडे जायचे

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते आणि त्यात कंपनी जिथे चालते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. म्हणून विदर्भातल्या वणी, राजुरा, उमरेडच्या कोळसा पट्ट्यातल्या, कोरपन्याच्या सिमेंट पट्ट्यातल्या किंवा तुमसरच्या मँगनीज पट्ट्यातल्या संस्थेने आधी आपल्या शिवाराशेजारच्या खाणीचे किंवा कारखान्याचे सीएसआर कार्यालय गाठावे. अर्जात गाव प्रकल्पापासून किती किलोमीटरवर आहे ते लिहावे. मेळघाटातल्या किंवा वाशीम, दिग्रसकडच्या संस्थांना हा मार्ग अवघड जातो. त्यांनी राज्यभर अनुदान देणारी फाउंडेशन शोधावीत. अशा फाउंडेशनचे मागच्या दोन-तीन वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा. पाच लाखांच्या आत कोणाला काही दिले आहे का आणि मानधनाचा खर्च मान्य केला आहे का, या दोन गोष्टींवरून अर्ज करायचा की नाही ते ठरते.

काय मागायचे

शिलाई मशीन आणि किट वाटपाचे अर्ज ढिगाने येतात. गरजू माणसाला खरा हात देणारे, तरी कमी मागितले जाणारे काम म्हणजे कागदपत्रांचे. एकल महिलांचे उदाहरण घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. १०० महिलांची प्रकरणे मंजूर झाली तर वर्षाला १८ लाख रुपये गावांत येतात, आणि त्यासाठी लागणारा निधी तीन लाखांच्या आसपास असतो. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हाच हिशोब मांडा.

पण हे काम अडते कुठे, तेही लिहा. देणाऱ्याला विश्वास तिथेच बसतो. मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचे नाव ‘रामदास’ आणि बाईच्या कागदांवर ‘रामाजी’. मृत्यूची नोंदच झाली नसेल तर वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. योजनेची वार्षिक उत्पन्न मर्यादा २१,००० रुपये आहे आणि दाखला त्याहून जास्तीचा निघाला की प्रकरण तिथेच संपते. त्यामुळे पटवाऱ्याकडचा अहवाल आणि सेतूतला अर्ज या दोन्ही वेळी कार्यकर्तीने सोबत असायला हवे. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे मृत्यू दाखलाही नसतो आणि घटस्फोटाचा कागदही. तिचे प्रकरण सगळ्यांत जास्त वेळ खाते. अशा किती महिला आहेत ते गावनिहाय मोजून अर्जात वेगळे दाखवा. वय ६५ च्या पुढे असेल तर अर्ज श्रावणबाळ योजनेत जातो, म्हणून यादीत वयाचा रकाना पहिल्यापासून ठेवा.

उद्दिष्ट ठरवताना ‘१५० महिलांना पेन्शन मिळवून देऊ’ असे लिहू नका. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या हातात असते आणि बैठक लांबली तर तुमचा शब्द खोटा पडतो. ‘१५० परिपूर्ण अर्ज दाखल करून पोच घेऊ’ हे वचन द्या. मंजुरीचा आकडा अहवालात वेगळा द्या.

बजेट

दर आपल्या तालुक्याचे घ्या, गुणाकार उघडा दाखवा. दहा गावांसाठी एका वर्षाचा नमुना असा:

दोन कार्यकर्ती, महिना ८,००० रुपये मानधन, १२ महिने: १,९२,०००
प्रवास, प्रत्येकी महिना १,५०० रुपये: ३६,०००
झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्र, सेतू शुल्क, १५० महिला, प्रत्येकी ३०० रुपये: ४५,०००
गाव बैठका, १० गावे, प्रत्येकी दोन, दर ५०० रुपये: १०,०००
फोन व इंटरनेट, प्रत्येकी महिना २५० रुपये: ६,०००
हिशोब व लेखापरीक्षण: १२,०००

एकूण ३,०१,००० होतात. ते तसेच लिहा. गोल करून तीन लाख किंवा साडेतीन लाख केले की आकडे अंदाजाने टाकल्यासारखे वाटतात. प्रवासात एसटीचे पूर्ण भाडे धरू नका. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि तपासणारा ते जाणतो. जिथे एसटी जात नाही तिथल्या ऑटोचा खर्च मात्र न लाजता धरा.

प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असे अनेकदा ऐकवले जाते. सीएसआर नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चाची आहे. काम राबवणाऱ्या संस्थेचे मानधन आणि प्रवास त्यात येत नाहीत. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. कार्यकर्तीला पोट मारून राबवायचे आणि तिने दुसऱ्यांच्या हक्काची लढाई लढायची, हे चालू देऊ नये.

वेळापत्रक

एप्रिल ते मार्च असे बारा सारखे रकाने आखू नका. मृगाच्या पावसापासून पेरणी आटोपेपर्यंत बाया वावरात असतात. पुढे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी येते. बैठका पोळ्याच्या आधीच्या आठवड्यांत आणि पुन्हा जानेवारीनंतर ठेवा. मेळघाटात हे उलटे असते: दिवाळीनंतर बरीच कुटुंबे कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात. तिथे पावसाळ्याचे महिनेच कामाचे. शाळेच्या साहित्याचा प्रकल्प असेल तर विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, खरेदीची तारीख त्याप्रमाणे धरा.

पैसा आल्यावर

प्रकल्पाचे खातेपान वेगळे ठेवा आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचे नाव त्याच दिवशी लिहा. मानधन बँकेतूनच द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. एका बाबीतले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. कामाच्या दृष्टीने योग्य असलेला बदलही नंतर कळवला तर आक्षेप ठरतो. पुढचा हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरून दोन महिन्यांचे मानधन पहिल्या हप्त्यातून राखून ठेवा.

महिलांच्या आधारच्या प्रती देणाऱ्याला पाठवू नका. फारच आग्रह असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. हातात पाकीट धरून उभ्या केलेल्या विधवेचा फोटो काढू नका. पोचपावतीची नोंदवही, सही किंवा अंगठा आणि कार्यकर्तीची तारीख एवढा पुरावा पुरेसा आहे, आणि ही अट करार करतानाच मान्य करून घ्या.

सहामाही अहवालात दाखल, मंजूर, प्रलंबित आणि नामंजूर असे चार रकाने ठेवा. नामंजूर प्रकरणासमोर कारण लिहा: उत्पन्न, वय, नावातला फरक, बँक खाते आधारशी न जोडलेले. याच रकान्यावरून पुढच्या वर्षीच्या मागणीत कुठली बाब वाढवायची ते कळते. नावातल्या फरकाची प्रकरणे वीस निघाली तर प्रतिज्ञापत्राचा खर्च वाढवा आणि त्या वीस अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडा.