मूरवर सायकल नेण्यापूर्वी नकाशावरील हिरव्या रेषा तपासा

इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात रीथसारख्या गावातून मूरचा, म्हणजे उंचावरील उघड्या माळरानाचा, दमवणारा चढ चढून गेल्यावर पुढची वाट केवळ पादचाऱ्यांसाठी असल्याचे कळले, तर सायकल घेऊन मागे फिरण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून मार्ग घरीच, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्स्प्लोरर नकाशावर ठरवावा. रीथ ज्या खोऱ्यात आहे त्या स्वेलडेलसाठी ओएल ३० हा नकाशा घ्यावा.

१. लांब तुटक हिरव्या रेषा ब्रिडलवे, म्हणजे घोडेवाटा, दाखवतात आणि १९६८च्या कायद्यानुसार त्यांवरून सायकल नेता येते. आखूड तुटक हिरव्या रेषा मात्र पायवाटांच्या असल्याने त्या वगळाव्यात.

२. निघण्याच्या ठिकाणापासून परत तिथवर लांब रेषेवरून पेन्सिल फिरवावी आणि प्रत्येक फाट्यावर, तसेच पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाच्या, सीमेवर, रेषा आखूड होते का हे बारकाईने पाहावे, कारण एकाच वाटेचा दर्जा मध्येच बदललेला आढळतो. माझ्या मते सर्वाधिक वेळ याच तपासणीला द्यावा.

३. प्रत्यक्ष वाटेवर निळा बाण ब्रिडलवेचा आणि पिवळा बाण पायवाटेचा असतो.

एक खबरदारी आवश्यक आहे: नकाशावरील फिकट पिवळ्या छटेचा मोकळा प्रदेश सर्वांना खुला असला, तरी तो हक्क पायी चालणाऱ्यांपुरताच असल्याने तेथेही सायकल ब्रिडलवेवरच ठेवावी आणि पादचाऱ्यांना व घोडेस्वारांना आधी जाऊ द्यावे.