पत्रा आणण्याआधी सांगाडा बघा: जुन्या बसच्या बॉडीकामाची तयारी

दिवाळी उरकली की हवा कोरडी होते आणि फेब्रुवारीपर्यंत पत्र्याच्या कामाला चांगले दिवस मिळतात. ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी, दमट हवा घासून उघड्या केलेल्या लोखंडावर बघता बघता तांबूस थर चढवते. त्यामुळे मे महिन्यात बस उघडून जूनच्या पहिल्या सरींशी शर्यत लावू नका. छत असलेली जागा आधी पक्की करा, मग मिस्त्रीला तारीख द्या.

ही तयारी वाचनालय, दवाखाना किंवा फिरतं घर झालेल्या जुन्या बसगाड्यांसाठी आहे. कागदपत्रांचं काम थोडक्यात आटपतं. नुकसान अपघातातलं असेल तर काहीही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. रंग बदलायचा विचार असेल तर आरसी बुकात तशी नोंद करावी लागते, म्हणून आरटीओत आधीच विचारा. आपत्कालीन दरवाजा किंवा खिडकी पत्र्याखाली झाकली जाणार नाही, हेही मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा.

खरा वेळ आतल्या बाजूला द्यायचा. साध्या बसमध्ये पत्र्यामागे सरळ सांगाडा दिसतो. आपल्या गाडीत मध्ये प्लाय, थर्माकोल, कपाटं आणि नंतर ओढलेल्या वायरी असतात. खिडकीखालचा पत्रा खालच्या कडेला कुजलेला दिसला, तर पाणी बहुतेक वेळा वरून आलेलं असतं. खिडकीच्या कडक झालेल्या रबरातून, छपरावर पंखा किंवा सोलर पॅनल बसवताना मारलेल्या स्क्रूंमधून ते आत शिरतं, प्लाय आणि पत्र्याच्या मधून खाली उतरतं आणि तळाच्या पाइपात साचून राहतं. म्हणून आधी कपाटं सोडवा, प्लाय काढा, थर्माकोल बाहेर ठेवा. ओल कुठपर्यंत चढली आहे त्यावर खडूने रेघ मारा आणि गळती वरून शोधत या. गळती तशीच ठेवून नवा पत्रा लावलात, तर पुढच्या पावसात तोही आतून कुजायला लागेल.

मग सांगाड्याचा प्रत्येक उभा-आडवा पाइप हातोडीने हलके ठोकून बघा. चांगला पाइप खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे पेचकस दाबा. टोक आत गेलं तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावाच लागणार. चाकाच्या कमानीच्या मागे आणि पायरीजवळ सगळ्यात जास्त दाबून बघा, कारण चिखल तिथेच बसतो. किती पाइप जाणार हे कळेपर्यंत पत्र्याची ऑर्डर देऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पत्रा आधी आणला की तो लावायची घाई होते आणि त्या घाईत अर्धवट कुजलेला पाइप झाकला जातो.

बाहेरून लोहचुंबक फिरवा. पत्र्याला कुठेच चिकटला नाही तर तो ॲल्युमिनियमचा. एसटीच्या जुन्या गाड्यांची बॉडी बहुतेक तशीच असते. लोखंडी पत्र्यावर एखाद्याच जागी पकड सैल वाटली, तर तिथे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर भरलेला आहे, खाली पोचा किंवा भोक निघेल.

सांगाडा लोखंडी आणि पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, तर दोन्हींच्या मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. आपल्या खाऱ्या हवेत हे आणखी वेगाने होतं. म्हणून सांगाड्याला झिंक क्रोमेट प्रायमर आणि सांध्यात ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), दोन्ही सामानात धरा. रिवेट ॲल्युमिनियमचेच घ्या. त्यांची लांबी पत्रा, टेप आणि पाइपची भिंत मिळून होणाऱ्या जाडीवरून ठरवा.

आठ बाय चार फुटांचा 1.2 मिलिमीटरचा लोखंडी पत्रा साधारण 28 किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा दहाच्या आत. लोखंडी पत्रा असेल तर धरायला दोघं हवेत. लोखंडी पत्र्यासाठी कळंबोलीचा बाजार आहेच, कापून-वाकवून घ्यायला रबाळे-महापे किंवा वागळे इस्टेटच्या शेडमध्ये विचारा. जुना पत्रा सोडवताना रिवेटचं डोकं त्याच मापाच्या ड्रिलने उडवा, पत्र्यावर मार्करने नंबर टाका आणि नवा बसेपर्यंत तो भंगारात देऊ नका. तोच तुमचा साचा आहे.

वेल्डिंगच्या दिवसाची तयारी वेगळी. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं सोडा, गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असेल तर त्याचाही कनेक्टर काढा, अर्थची पकड वेल्डच्या अगदी जवळ लावा. डिझेल टाकी, एअर पाइप आणि वायरी कुठून जातात ते आधीच बाहेर खडूने दाखवा. थर्माकोलचा एक तुकडाही आत राहता कामा नये. अग्निशामक सिलिंडर आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या. काम संपल्यावरही तासभर कुणीतरी गाडीपाशी थांबायला हवं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो. जोडाजवळचं जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेतच काम होऊ द्या.

पत्रा पहाटेच्या गारव्यात घट्ट रिवेट केला, तर दुपारी तापून फुगतो आणि लाटा दिसतात. मिस्त्रीला उन्हं वर आल्यावर बोलवा, रिवेट मध्यापासून कडांकडे मारायला सांगा. सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सिलंट लावा. आंबट वासाचं सिलिकॉन धातूला खातं आणि त्यावर रंगही धरत नाही.

रंगाआधी पाण्याचा पाइप सोडा. एक जण बाहेर, एक जण टॉर्च घेऊन आत. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, म्हणजे कुठला सांधा गळतो ते नेमकं कळतं. आतलं प्लाय फेव्हिकॉलने न चिकटवता स्क्रूनेच बसवा आणि खिडक्यांखालची एक-एक फळी पहिला पाऊस होईपर्यंत उघडीच ठेवा.