नेहमीचा वायरमन की परवानाधारक ठेकेदार?

सोलापुरात ऊन तापलं की एसीची घाई होते आणि सगळंच काम नेहमीच्या माणसाला सांगितलं जातं. फोन करण्याआधी एवढं बघा.

१. पंखा, बटण, नळ, टाकीचा बॉलकॉक बदलायचाय? ओळखीचा माणूस पुरे. ठेकेदाराचे पैसे कशाला?

२. घराचं पूर्ण वायरिंग, अर्थिंग, मीटरपासून नवी लाइन असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदारच बोलवा. नव्या वीजजोडणीला महावितरणच्या अर्जासोबत त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो देणार का हे आधीच विचारा. काम उरकल्यावर सहीसाठी फिरणं फार जिवावर येतं. परवान्याचा नंबर आणि मुदत स्वतः वाचा, फोटो काढून ठेवा. अंदाजपत्रकात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लिहून घ्या. शॉकपासून जीव वाचवणारी वस्तू आहे ती, पैसे वाचवायला गाळू देऊ नका.

३. भिंत पाडायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या माळवदाच्या घरात तर नक्कीच. भार भिंतीवर आहे की लाकडी खांबांवर, वरवर कळत नाही.

जपा: परवाना एकाचा आणि काम भलत्याच पोराचं, असं होतं. मेन बोर्ड जोडताना ठेकेदार स्वतः हजर हवा.