गुलमर्गला बर्फ कमी आहे: जायचं की रद्द करायचं?

तिकिटं काढून झालीत, साहेबांनी रजेवर सही केली आहे, थर्मल आणून ठेवलेत, आणि गुलमर्गच्या व्हिडिओत पिवळं गवत दिसतंय. स्की शिकायला निघालेल्यांवर ही वेळ अलीकडे वारंवार येते. २०२४ चा जानेवारी तर जवळजवळ पूर्ण कोरडा गेला. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मिरातले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, आणि ऐन त्यात माळ उघडा पडला होता. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता, तो बर्फाअभावी ९ ते १२ मार्चवर गेला. स्पर्धा पुढे ढकलता येते, तुमची-माझी रजा ढकलता येत नाही.

मी नाशिकची, बँकेत नोकरी करते. त्यामुळे ‘मार्चमध्ये जा, तेव्हा जास्त भरवसा असतो’ हा सल्ला माझ्या काही कामाचा नाही. वर्षअखेर तोंडावर असताना रजेचा अर्ज नेला की मॅनेजर अर्ज वाचत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरायचा आणि निघायच्या आठ दिवस आधी जायचं की नाही ते पक्कं करून टाकायचं, ही माझी पद्धत. आधी घरचे विचारायचे, मग शाखेतले, आता त्यांचे साडू-मेहुणेही फोन करतात. एकदाच नीट लिहून ठेवते.

‘बर्फ आहे का?’ एवढंच विचारून काही कळत नाही. कारण गुलमर्गमध्ये एकावर एक तीन जागा आहेत. हॉटेलं, गोल्फ कोर्स आणि नवशिक्यांचे उतार असलेला खालचा माळ साधारण २,६५० मीटरवर. गंडोला म्हणजे बंद डब्यांचा रोपवे; त्याचा पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला सोडतो, ती ३,०८० च्या आसपास. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जातो, ३,९५० च्या आसपास. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे माळावर पारा २ अंशांवर असून पावसाची पिरपिर चालू असते, तेव्हा अफरवटला उणे सहामध्ये कोरडा बर्फ पडत असतो.

म्हणून कमी बर्फाच्या वर्षी पहिला फटका बसतो तो नवशिक्याला. त्याला हवा असतो सौम्य, शेवटी सपाटीला लागणारा उतार. तो आहे सगळ्यात खाली, आणि तोच सगळ्यात आधी उघडा पडतो. ज्याला चांगलं येतं त्याला वर काही ना काही मिळून जातं. लोक नेमकं उलटं धरून चालतात: ‘आम्हाला काय, शिकायचंच तर आहे, थोडा बर्फ पुरे.’ नाही पुरत. गवताळ माळावरसुद्धा दाबून बसलेला हातभर थर लागतो, तेव्हा कुठे वर्गातली सगळी मंडळी दिवसभर त्यावर पडली-धडपडली तरी संध्याकाळपर्यंत माती वर येत नाही. वरच्या खडकाळ भागात तर हातभर बर्फाला कुणी विचारत नाही, तिथे दगड झाकायला कंबरेएवढा लागतो.

तर हिशेब असा. पहिल्यांदाच जाणार असाल आणि माळावर बर्फ नसेल, तर पुढे ढकला. शिक्षक ‘कोंगडोरीला नेतो’ म्हणेल. नेतात, खरं आहे. पण मग रोज गंडोलाचं तिकीट, रोजची रांग, आणि वर पोचल्यावर त्याच उतारावर स्लेजवाले, गमबूट घालून आलेले पर्यटक आणि सेल्फी काढणारी नवी जोडपी. ज्याला अजून थांबता येत नाही त्याने या गर्दीत शिकू नये. स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं आत वळवून वेग कमी करणं, जमतो, दोन्हीकडे वळता येतं, पण उतार तीव्र झाला की पोटात गोळा येतो, अशा माझ्यासारख्या मधल्या फळीने कोंगडोरीची स्थिती बघून ठरवावं. तिसऱ्या फळीतले लोक मला विचारत नाहीत.

आता ही स्थिती कळायची कशी? हॉटेलवाल्याला विचारू नका. ‘बहोत है मॅडम’ हे उत्तर तो मे महिन्यातही देईल. इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ कोणत्या वर्षीचे असतात ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. विचारायचं स्की शिकवणाऱ्याला, आणि प्रश्न असा करायचा की ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटताच येऊ नये. माझे प्रश्न ठरलेले आहेत. आज तुमचे विद्यार्थी कुठे होते? माळावरची ड्रॅग लिफ्ट (स्की घातलेल्या माणसाला ओढत उतारावर नेणारी) चालू आहे का? शेवटचा बर्फ कधी पडला, आणि त्यावर पाऊस झाला का? टंगमर्गच्या पुढे गाड्यांना चेन लावावी लागतेय का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. टंगमर्ग ते गुलमर्ग तेरा किलोमीटरचा घाट आहे. तिथे साध्या टायरवर गाड्या भराभर चढत असतील, तर वर इतक्यात काही पडलेलं नाही एवढं नक्की.

मग व्हिडिओ कॉल. सकाळी करायचा नाही, सकाळी दव गोठलेलं असतं आणि सगळंच पांढरं दिसतं. दुपारी दोननंतर करायचा. कॅमेरा डोंगरावरून फिरवू नका, पायाशी धरा म्हणून सांगायचं. मी त्याला उताराच्या कडेला पोल, म्हणजे स्कीची हातातली काठी, रोवायला लावते. पोलच्या टोकाच्या थोडं वर प्लास्टिकची गोल चकती असते, तिला बास्केट म्हणतात. पोल चकतीपर्यंत गेला, वर काढला आणि टोक स्वच्छ निघालं, तर निदान तेवढं तरी खाली आहे. टोकाला काळी माती किंवा गवताची काडी चिकटून आली, तर बाकीचं बोलणं हवापाण्याचं. असं चार ठिकाणी करून दाखव म्हटलं की आमचा शिक्षक हसतो, पण करतो. तो टंगमर्गजवळच्या गावातला आहे. त्याची वर्षाची बरीचशी कमाई याच अडीच-तीन महिन्यांत होते, तरी एका वर्षी त्याने स्वतःहून सांगितलं, ‘मॅडम, अभी मत आओ, घास पे क्या सिखाऊँ?’ असा माणूस मिळाला की त्याचा नंबर जपून ठेवायचा आणि त्याच्याशी घासाघीस करायची नाही.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिच्या कोर्सला निघाला असाल तर तारखा त्यांच्या, निर्णयही त्यांचा. फोन करून बॅच कायम आहे का एवढं विचारायचं.

हवामानाचं म्हणाल तर काश्मिरातला हिवाळी बर्फ येतो तो मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या या प्रणालींना तिथले लोक सरळ ‘डब्ल्यूडी’ म्हणतात. त्या आल्या नाहीत, किंवा उत्तरेकडून निघून गेल्या, की महिना कोरडा. श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज मी रोज वाचते, पण पाच दिवसांपलीकडच्या अंदाजावर पैसे लावत नाही. म्हणूनच आठ दिवस आधी ठरवताना जमिनीवर आत्ता काय आहे तेच धरायचं. ‘वीस तारखेला जोरदार येतोय’ हे मोजायचं नाही. आला तर नफा.

आणि डब्ल्यूडी आला म्हणजे माळावर बर्फच पडेल असंही नाही. श्रीनगर १,५८५ मीटरवर, म्हणजे गुलमर्गच्या हजारेक मीटर खाली. तिथे पाऊस पडताना पारा ४-५ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर गुलमर्गच्या माळावर बहुतेक बर्फ. श्रीनगरला १० अंशांत पाऊस असेल तर माळावरही पाऊसच, आणि होता तो बर्फही धुऊन गेला समजा. फोनवर श्रीनगरचं तापमान बघून घरबसल्या एवढं कळतं.

पैशाचं थोडक्यात. विमानाचं तिकीट फुकट जाईल म्हणून जायचं ही आपली जुनी खोड. बुडणारं तिकीट एक. पण गेल्यावर हॉटेल, स्की आणि बुटांचं भाडं, शिक्षक, गंडोला हे सगळं रोजचं आणि खिशातून, आणि आठवड्याचा आकडा तिकिटापेक्षा मोठा निघतो. कागदावर दोन रकाने करा: गेलेले पैसे आणि अजून न गेलेले. निर्णय दुसऱ्या रकान्यावर घ्यायचा. पुढच्या वेळी तारीख बदलता येणारं तिकीट काढा, हॉटेलकडून रद्द करण्याची अट लेखी घ्या, सामानाला आगाऊ पैसे देऊ नका.

‘मग औलीला जाऊ का?’ हा हमखास येणारा फोन. विचार करा, पाहुणा तोच आहे. गुलमर्ग, हिमाचलातलं सोलंग, उत्तराखंडातलं औली, सगळीकडे त्याच पश्चिमी विक्षोभांचा बर्फ. ते पश्चिमेकडून येतात, काश्मीर आधी लागतं. तिथेच कोरडं असेल तर पुढे उत्तराखंडात ढिगारे कुठून असतील? सोलंग नाला गुलमर्गच्या माळाहूनही थोडा खालीच आहे. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, पण यंत्राला पाणी लागतं आणि थंडीही लागते, आणि उबदार हिवाळ्यात नेमकी तीच नसते. शिवाय औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद केला होता, तो चालू आहे का तेही विचारावं लागतं. तिकिटं बदलून तिकडे पळण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण ती कुणीच विचारत नाही. कोरडा महिना संपून एकदाचा धो धो बर्फ पडला, सगळे ग्रुपवर नाचायला लागले, की मी जास्त सावध होते. बर्फाचा थर पातळ असतो तेव्हा खालची जमीन शून्याच्या आसपास राहते आणि वरची हवा रात्री खूप खाली जाते. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकते आणि कणांचं रूप बदलतं. ते मोठे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे होतात. मुठीत दाबून बघा, साखरेसारखे सुटून जातात. चार आठवडे हे चालतं. मग या सुट्या दाण्यांवर दोन दिवसांत कंबरभर नवा, जड बर्फ येऊन बसतो. त्याला खाली धरून ठेवणारं काही नसतं. वरून एक माणूस गेला तरी अख्खा थर सुटू शकतो. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत जोरदार बर्फ झाला आणि २२ फेब्रुवारीला अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

म्हणून लांबलेल्या कोरड्या काळानंतरच्या मोठ्या बर्फानंतर मी दोन दिवस माळ आणि कोंगडोरी सोडत नाही. दुसरा टप्पा चालू झाला याचा अर्थ वर सगळीकडे सुरक्षित आहे असा नसतो. स्की पेट्रोलचं, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाचं, काम गंडोलाखालच्या भागापुरतं. त्या भागाच्या हद्दीच्या दोरीपलीकडचा डोंगर कुणी तपासलेला नसतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, ते जिल्हा प्रशासनाकडून बातम्यांत येतात. त्या दिवशी असा इशारा दिसला तर ‘आज शेवटचा दिवस आहे, एकदा तरी वर’ हे बोलणं बंद. विम्याचे कागदही आधी वाचा. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग कित्येकदा वगळलेलं असतं.

जायचं ठरलंच, आणि बर्फ बेताचा असेल, तर घड्याळ सांभाळा. कोरड्या दिवसांत रात्री सगळं गोठतं; साडेदहापर्यंत उतार काचेचा असतो, स्कीची कड धरत नाही आणि पडलं की कोपरं फुटतात. अकरा ते दीड हा खरा वेळ. त्यानंतर ऊन लागलेला भाग चिखलट होतो, स्की मध्येच अडकते आणि गुडघा पिरगळतो. दुपारी झाडांच्या सावलीतला उतार मागा. भाड्याने घेताना नवी कोरी स्की घेऊ नका. दगड लागणारच आहेत, आणि ओरखड्यांचे पैसे तुमच्याकडूनच घेतले जातील. जुनी घ्या, फक्त कडा हाताने तपासा आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) तुमच्या वजनावर लावून घ्या. बर्फातून काळं काही डोकावताना दिसलं तर त्याच्या खालच्या बाजूने जा, वरच्या बाजूने नाही, म्हणजे पडलात तरी त्याच्यावर जाऊन आदळणार नाही. अगदीच काही नसेल त्या दिवशी टंगमर्गजवळचा द्रुंगचा गोठलेला धबधबा बघा, किंवा भल्या पहाटे श्रीनगरच्या आली कदल भागात हरिसा (रात्रभर शिजवलेलं घोटीव मटण) खायला जा. नऊनंतर गेलात तर भांडं रिकामं.

आणि रद्द करायचं ठरलं तर शिक्षकाला फोन त्याच दिवशी करा, नंतर बघू म्हणून आठवडाभर टांगून ठेवू नका. आठ दिवस हातात असले तर त्याला दुसरं कुणीतरी मिळतं. दिलेली उचल परत मागू नका, पुढच्या खेपेला धरायला सांगा.