मोगऱ्याला कळीच येत नाही? या चुका टाळा

पानं हिरवीगार, झाड कमरेएवढं, आणि कळी औषधालाही नाही. ऐन मार्च-एप्रिलमध्ये मोगऱ्याबद्दल ही तक्रार हटकून ऐकू येते. बहुतेक घरांत याचं कारण एकच असतं: लाड.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कात्री न लावणं. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. जुनी काडी नुसती लांबत जाऊन ग्रिलवर लोळते. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत झाड निम्म्यावर आणा, वाळक्या आणि काडेपेटीच्या काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. उरलेली पानंही ओरबाडून टाकली तरी चालतात. जीव होत नाही, हे कबूल. पण न छाटलेलं झाड फक्त पानंच दाखवतं. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडायचं, शेतकरी ज्याला ताण देणं म्हणतात ते. कुंडी शेतापेक्षा फार लवकर सुकते, म्हणून पानं मलूल झाली की थांबायचं. छाटल्यावर वरची दोन बोटं माती उकरून शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. पहिला बहर ओसरला की फुलांखालची दोन-तीन पेरं पुन्हा खुडा. दुसरा बहर त्यातूनच येतो.

दुसरी गोष्ट ऊन. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. 'उजेड भरपूर आहे' हे उत्तर मोगऱ्याला चालत नाही. तुमच्या बाल्कनीत ऊनच येत नसेल तर सरळ मनीप्लांट लावा, दोघांचेही हाल वाचतील.

खताचा मारा हाही लाडाचाच प्रकार. युरियासारखं नत्राचं खत वरचेवर दिलं की झाड पानांच्या मागे लागतं. कळ्या दिसायच्या वेळी नत्र आवरतं घ्या.

पाणी रोज ठरलेल्या वेळी तांब्याभर ओतण्यापेक्षा आधी मातीत बोट घाला. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की मुळं कुजतात. नर्सरीतून आणलेल्या रोपाला बऱ्याचदा लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. पाणी त्याच्या कडेने निघून जातं आणि आतली मुळं तहानलेली राहतात. तरी कळ्यांनी लगडलेलं रोप घरी आणल्या-आणल्या कुंडी बदलू नका, कळ्या गळतील. बहर संपू द्या, मग गोळा हलक्या हाताने मोकळा करून बारा इंची कुंडीत लावा.

पानं पिवळी दिसली की लोक आणखी पाणी घालतात. जरा नीट बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झाडांत हे नेहमी दिसतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) विरघळवून संध्याकाळी फवारा, आणि पिवळेपणा जाईपर्यंत महिन्यातून एकदा देत राहा.

कळ्या येऊनही उमलत नसतील तर मामला किडीचा. कळीला भोक आणि भोवती जाळं दिसलं तर आत अळी आहे. कळ्या गुलाबी-जांभळट होऊन सुकत असतील तर ते कळीमाशीचं काम, तिची अळी डोळ्यांना सहज दिसतही नाही. दोन्ही बाबतीत बिघडलेल्या कळ्या रोज तोडून पिशवीत घट्ट बांधून फेका, कुंडीतच टाकू नका. कळीमाशीची अळी मातीत उतरून कोषात जाते. मातीचा वरचा थर अधूनमधून हलवा. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, ही फवारणी कळ्या अगदी बारीक असतानाच सुरू करा. कळी फुगल्यावर अळी आत सुरक्षित असते, मग तेल नुसतं वरून ओघळतं.