इंटिग्रेटेड घेऊ का प्री-पॉवर वेगळं? आधी स्पीकरची पाठ बघा

अ‍ॅम्प घ्यायचाय, एकच डबा (इंटिग्रेटेड) घेऊ का प्री (सोर्स निवडणारा, आवाज कमी-जास्त करणारा) आणि पॉवर (स्पीकरला ताकद देणारा) वेगवेगळे, असं ज्याला त्याला विचारत फिरण्याआधी घरातला स्पीकर वळवा आणि मागचं स्टिकर वाचा. दोन आकडे हवेत, सेन्सिटिव्हिटी (1 वॉटला किती आवाज निघतो) आणि ओहम (स्पीकर करंटला किती अडवतो). स्टिकरवर नसले तर मॅन्युअलमध्ये असतात. अर्धा निर्णय तिथेच होतो.

समजा लिहिलंय 87 डीबी, म्हणजे 1 वॉट दिला की 1 मीटरवर 87 डीबी आवाज. आता आपला हॉल 10 बाय 14 चा, वर सोसायटी, खाली सोसायटी, रोज जेवढ्या आवाजात ऐकतो त्याला खरं तर एखाद-दुसरा वॉटच लागतो. बाकीचे वॉट तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका अचानक आला तर त्यासाठी राखीव. आणि 3 डीबी वाढवायला वॉट दुप्पट लागतात, त्यामुळे 50 चा 100 वॉट केला तरी कानाला थोडासाच फरक कळतो, खिशाला मात्र भरपूर. म्हणून 87-88 च्या पुढचा, 8 ओहमचा स्पीकर असेल तर 40-60 वॉटचा इंटिग्रेटेड घ्या आणि विषय संपवा.

स्पीकर 83-84 डीबीचा आणि 4 ओहमचा असेल तर गोष्ट वेगळी. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट मागतो, तिथे बारीक ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प धापा टाकतो. स्पेसिफिकेशनमध्ये 8 ओहमला किती वॉट आणि 4 ला किती ते बघा, 4 ला जवळपास दुप्पट देत असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे, आणि 4 चा आकडाच दिला नसेल तर दुकानदाराला विचारा, तो विषय बदलतो का बघा. वेगळा पॉवर अ‍ॅम्प घ्यायला हे माझ्या मते एकमेव ठोस कारण.

दुसरं कारण सांगतात ते म्हणजे शुद्धता. टर्नटेबलच्या एमएम कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम 5 मिलिव्होल्ट सिग्नल येतो, त्याच्या शेजारी जाडजूड ट्रान्सफॉर्मर नको, हे तत्त्व बरोबरच आहे. पण चांगल्या कंपन्यांनी ते एकाच डब्यात कधीच जमवलंय. नॅड कंपनीचा 3020 हा इंटिग्रेटेड घ्या, 1978 चा, कागदावर फक्त 20 वॉट, दिसायला अगदीच साधा, तरी अजून लोक शोधत असतात. त्याच्या मागे प्री-आउट (प्रीमधून सिग्नल बाहेर) आणि मेन-इन (पॉवरमध्ये सिग्नल आत) अशी सॉकेट होती, मध्ये दोन्ही जोडणारे छोटे यू-लिंक. ते काढले की एकाच डब्याचा प्री वेगळा, पॉवर वेगळा! म्हणून इंटिग्रेटेड घेताना मागे प्री-आउट आहे ना एवढं बघाच. उद्या हौस वाढली तर पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो, आधीचा डबा विकावा लागत नाही.

वेगवेगळं घेतलं की काय काय वाढतं ते पण ऐका. दोन प्लग, एक जादा केबल, आणि बऱ्याचदा घूंऽऽ असा हम. आमच्याकडे तर तानपुरा सुरू असताना बायको म्हणाली हे यात दुसरं कोण वाजवतंय. दोष निघाला टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा, केबलवाल्याची वायर काढली की हम गायब. ग्राउंड लूप म्हणतात याला, दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेली की होतो. पहिला उपाय सगळं एकाच पॉवर स्ट्रिपवर लावणं. थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाक म्हणणारे महाभाग भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका, शॉक बसतो.

चालू करायचा क्रमही पाठ करा, आधी सोर्स (गाणं जिथून येतं ते उपकरण), मग प्री, शेवटी पॉवर. बंद करताना उलटं, पॉवर आधी, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प होतं. आणि बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पला व्हॉल्यूमचा नॉब नसतोच, हे मी विसरलो होतो. एका रविवारी प्री मध्ये न घेता डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) थेट पॉवरला लावला, डॅकचा आउटपुट 2 व्होल्ट फिक्स, म्हणजे आवाज सरळ फुल, प्ले दाबलं आणि दोन सेकंदात डावा ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) गेला. नवीन ट्विटर मिळेपर्यंत सहा आठवडे एकाच स्पीकरवर मोनो ऐकलं.

सेकंडहँड घेणार असाल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत कुणी ओळखीचा असेल तर, परदेशातून आलेल्या डब्याच्या मागे 230 व्होल्ट लिहिलंय का 120 ते आधी वाचा. 120 असेल तर 230 चे 120 करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर पण घ्यावा लागतो, तोही चांगल्या वजनाचा, म्हणजे शेल्फवर तिसरा डबा आला.