हातकाठीचं लाकूड निवडताना या चुका टाळा

आबांसाठी लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) कातलेली माझी पहिली काठी नवव्या दिवशी जोतिबाच्या पायऱ्यांवर मोडली. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. काठी सागवानी होती, वाळलेली होती, पॉलिश तर असं की तोंड दिसावं. घरी येऊन दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. मोड आडवी नव्हती. बोरूच्या टोकासारखी तिरकी आणि गुळगुळीत होती. तेव्हा कळलं, सागवानाला बोल लावण्यात अर्थ नाही, पट्टी मीच चुकीची उचलली होती.

मोडलेली काठी टाकून देऊ नका, ती बरंच काही सांगते. तिरकी, लांब, गुळगुळीत मोड दिसली तर लाकडाची रेघ, म्हणजे त्याच्या धाग्यांची दिशा, काठीतून बाहेर निघून गेली होती. गाजरासारखा कटकन तुकडा पडला, एकही कूस नाही, तर लाकूड ठिसूळ किंवा आतून कुजकं. आणि लांब लांब कुसं निघाली असतील तर लाकूड चांगलं होतं, काठी बारीक पडली.

नावावर जाणं

वखारीत गेलं की आपण आधी विचारतो, सागवान आहे का? सागवानाचं नाव आहे ते वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यात दार फुगत नाही म्हणून. झटका सोसण्यात ते फार पुढे नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला शेतकरी काय घालतो ते बघा: धावडा, तिवस, नाहीतर बाभूळ. काठीलाही हीच लाकडं शोभतात. सरळ रेघेचं सागवान चालतंच, पण वाकड्या रेघेच्या सागवानापेक्षा सरळ रेघेची बाभूळ केव्हाही बरी. निलगिरी सरळसोट दिसते म्हणून मोह होतो. तिची रेघ बऱ्याचदा पिळाची असते आणि वाळताना ती फाटते.

वरची नक्षी बघून रेघ ठरवणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. पट्टीवर दिसणाऱ्या कमानी आणि लाटा वर्षवलयांच्या असतात, धागा त्याच दिशेने जातो असं नाही. रंधा मारलेल्या जागेवर पेनातल्या शाईचा एक थेंब टाका. शाई धाग्याधाग्याने पसरते आणि खरी दिशा दाखवते. पट्टीच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर हे करा. थेंबाची शेपटी कडेला समांतर गेली तर घ्या. फुटभरात इंचभर सरकत असेल तर ती पट्टी मुठीला किंवा लाटण्याला ठेवा. शक्य असेल तिथे करवतीने कापण्यापेक्षा ओंडका पाचर घालून फोडून घ्या. फुटताना लाकूड स्वतःच्या रेघेनेच जातं.

मधला भेंड, म्हणजे ओंडक्याच्या मधोमधचा मऊ गाभा, पट्टीत नको, चीर तिथूनच सुरू होते. गाठ असलीच तर खालच्या टोकाकडे आणि बारीक असावी. मुठीखालच्या वीतभर भागात एकही नको, कारण सगळा वाकवणारा जोर तिथेच येतो.

ओलं लाकूड कातणं

जुलै-ऑगस्टमधली आपली कोल्हापूरची हवा माहीतच आहे. कपडे वाळत नाहीत तिथे लाकूड काय वाळणार! हवेवर वाळायला इंचाच्या जाडीला साधारण वर्ष धरतात. तारखेवर मात्र विसंबू नका. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग फासा, पट्टी माळ्यावर ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार. मी आता आधी 35 मिलिमीटरवर ओबडधोबड कातून ठेवतो. वाकायचं ते वाकून घेतं, मग शेवटचा हात.

बाभळीची साल काढूनच वाळवा. सालीखालचं पांढरं लाकूड ताकदीला कमी नसतं, पण भुंगेरे तिथेच शिरतात. खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती पट्टी चुलीत.

फुकट मिळालं म्हणून उचलणं

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) बहुधा पाइनची, गाठींनी भरलेली. त्यातही ‘एमबी’ शिक्का असेल तर त्या लाकडाला विषारी वायूची धुरी दिलेली असते, लांबच ठेवा. वाड्याच्या जुन्या तुळया झकास, पण आत खिळे आणि चिरा असतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. कण्हेरीच्या सरळ फोका बघून काठी करावीशी वाटेल. करू नका, ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. शिसवीच्या भुशाने काहींना खाज सुटते, दम लागतो, मास्क लावा.

नक्षीचा हव्यास

लाकूड कितीही चांगलं घ्या, पटाशी त्याची वाट लावू शकते. 25 मिलिमीटरच्या काठीला 22 पर्यंत गळा, म्हणजे भोवतीची खाच, कातला की त्या जागी जवळपास एक तृतीयांश ताकद जाते. दिसतं मात्र फक्त 3 मिलिमीटर! मणी काढायचेच तर उथळ काढा. लांब काठी लेथवर थरथरते, म्हणून मध्ये स्टेडी, म्हणजे काठीला धरून ठेवणारा आधार, लावा. लाकडाच्या लेथला ती मिळाली नाही तर उद्यमनगरातला कुठलाही टर्नर बेअरिंगची बनवून देईल.

पॉलिशआधी काठी दोन विटांवर आडवी ठेवून हाताने हळूहळू भार द्या. कुरकुर ऐकू आली तर ती दुकानातच मोडलेली बरी.

आबांची दुसरी काठी बाभळीची आहे. लाकडाचं वजन जेमतेम 280 ग्रॅम, सागवानीपेक्षा 60 ग्रॅमने जास्त. ‘जड केलीस रं’ म्हणून अजून ऐकवतात, आणि रोज सकाळी तीच घेऊन रंकाळ्यावर जातात.